पांगरखेड्याची लेक

पौषातली संध्याकाळ लवकर पाय काढते. पैठणच्या बसस्टँडवरचं ऊन पाण्याच्या टाकीच्या माथ्यावर जाऊन बसलं होतं, आणि खाली फलाटांवर सावल्या गारठून एकमेकींना बिलगल्या होत्या. उमा औरंगाबादच्या फलाटाशी, खांबाला पाठ लावून उभी होती. पाठ खांबाला लावली की निदान मागून कोणी येत नाही, एवढं ती अलीकडं शिकली होती.

तो पानाच्या टपरीपाशी होता. तपकिरी स्वेटर, तेल चोपडून मागं वळवलेले केस, आणि बोटाभोवती फिरणारी किल्ल्यांची साखळी. साखळी गरकन फिरायची, किल्ल्या तळहातावर आपटायच्या. छन्न. पुन्हा फिरायची. शाळेत मुलं पाढे म्हणत असली तरी मधेच उमाच्या कानात ती छन्न वाजायची, आणि तिच्या हातातला खडू थांबायचा.

तो तिच्याशी कधी एक शब्द बोलला नव्हता. बोटानंसुद्धा शिवला नव्हता. मग तक्रार तरी कशाची करायची? माणूस बसमध्ये बसतो, ही काही तक्रार झाली? आधी तो पलीकडच्या बाकावर बसायचा. मग मागच्या बाकावर बसू लागला. मग औरंगाबाद स्टेशनवर उतरून तिच्याच सिटी बसमध्ये चढला. आणि काल तो तिच्या मागोमाग गारखेड्याला उतरला.

काल उमा घाबरून एका किराणा दुकानात शिरली होती. साबण घेतला. दुकानदार म्हणाला, "आणखी?" ती म्हणाली, "काडेपेटी." बाहेर छन्न वाजत होतं. "आणखी?" "हळद." तांदळाच्या पोत्याआड उभी राहून तिनं नको असलेलं इतकं सामान घेतलं, की दुकानदारानंच विचारलं, "घरात लग्न आहे का ताई?" शेवटी तो दिसेनासा झाला, तेव्हा ती जवळजवळ पळत घरी गेली. आई म्हणाली, "एवढी हळद कशाला गं?"

तेव्हा पुंडलिकनगर अर्धं प्लॉटांचं होतं आणि अर्धं बाभळींचं. गारखेड्याच्या स्टॉपवरून घरापर्यंत कच्चा रस्ता. मधे एक दिव्याचा खांब होता, त्यावर दिवा नव्हता. आज तो त्या रस्त्यावर मागं आला, तर त्याला घर कळणार होतं. आणि घर कळलं, म्हणजे घरच्यांनाही कळणार होतं.

या दुसऱ्या भीतीला तर आवाजही नव्हता. उमाचे वडील श्रीधरराव कोर्टात कारकून होते, आता निवृत्त झाले होते. ते मारके नव्हते, ओरडतही नसत. ते फक्त चष्मा काढून म्हणाले असते, "मग राहू दे बाई ती शाळा. कशाला तो व्याप." आणि त्या मऊ वाक्यानं दाराला आतून कडी लागली असती. बी.ए. झाल्यावर उमानं ती कडी पाहिली होती. स्थळं येत होती, जात होती, आणि ती पापड लाटत होती. मग पैठणच्या एका शाळेत पहिलीच्या वर्गावर जागा निघाली. लहान लहान पोरं तिला 'बाई' म्हणू लागली, आणि तिला वाटलं, आपल्या छातीला कोणीतरी खिडकी पाडली.

परवानगी देताना श्रीधररावांनी एकच अट घातली होती. "बसमध्ये कोणाशी बोलायचं नाही. नाव-गाव सांगायचं नाही. पुस्तक उघडायचं आणि वाचत बसायचं."

उमानं ती अट देवाच्या दिव्यासारखी सांभाळली. रोजची तीच बस, तेच चेहरे, पण एकालाही तिचं नाव ठाऊक नव्हतं. आज खांबाला टेकून उभी असताना तिला पहिल्यांदा जाणवलं, की आपण उद्या या बसमध्ये दिसलो नाही, तर कोणाच्या ध्यानातसुद्धा येणार नाही.

बस आली. गर्दी दाराला लोंबली. उमा आत शिरली तेव्हा दोघांच्या एका बाकावर खिडकीशी जागा होती, आणि कडेला एक शेतकरी बाई बसली होती. पन्नाशीकडं झुकलेली, कपाळावर ठसठशीत गोंदण, पायांशी हिरव्या हरभऱ्याच्या डहाळ्यांची मोठी पेंढी. तिनं पेंढी पायानं सरकवून वाट दिली. उमा खिडकीशी टेकली. मागच्या बाकावर कोणीतरी बसलं. उमानं वळून पाहिलं नाही.

छन्न.

बस हलली. तिच्या बाकाच्या दांडीवर मागून दोन हात येऊन टेकले. उमानं वेणी पुढं ओढून घेतली. पुस्तक उघडलं. अक्षरं मुंग्यांसारखी पानावरून चालू लागली.

कोणाशी तरी बोललं पाहिजे, असं तिला वाटलं. आपण एकट्या नाही, कोणाबरोबर तरी आहोत, असं दिसलं पाहिजे. या बाईशी बोलावं. पण बोलायचं काय? पोरांना ती विचारायची, 'बाळ, तुझं नाव काय?' मोठ्या बाईला असं विचारलं तर फौजदारकी वाटेल. थंडीबद्दल बोलावं? दरवर्षीच असते. उमानं वाक्यं मनात जुळवली, मोडली, पुन्हा जुळवली. ढोरकीन आलं, काही माणसं उतरली, काही चढली, बस पुढं निघाली, तरी तिच्या तोंडून आवाज फुटला नव्हता. मागून किल्ल्या वाजल्या आणि ती एकदम बोलून गेली, "किती वाजले हो?"

बाईनं तिच्या मनगटाकडं पाहिलं. "तुझ्याच हातात घड्याळ हाय की गं माय."

मागं नाकातून हसल्याचा आवाज आला.

"बंद पडलंय," उमा म्हणाली. घड्याळ टिकटिकत होतं.

"मंग काहून बांधलं? शोभंला?" बाईच्या बोलण्यात टोचणी नव्हती, नुसतं कुतूहल होतं. "सांच्याला किती वाजायचे? कोंबड्या डालायची येळ झाली, तेवढं खरं." तिनं पेंढीतून दोन डहाळ्या मोडल्या आणि उमाच्या पुस्तकावर ठेवल्या. "घे, सोल. मी सारजाबाई. लेकीकडं चालले, गारखेड्याला."

गारखेडा हा शब्द ऐकून उमाचं काळीज एकदा वर आलं आणि पुन्हा खाली गेलं. तिनं घाटा सोलला. हिरवा दाणा दातांखाली फुटला. बोटांना आंबट-खारट आंब लागली. बसमध्ये कोणाचं काही खायचं नाही, हेही घरचं वाक्य होतं. आज ती सगळीच वाक्यं एकामागून एक ओलांडत चालली होती.

सारजाबाई घाटे सोलता सोलता गुणगुणत होती. जात्यावर बसल्यासारखा तिचा आवाज गोल गोल फिरत होता.

"अनोळखी बाई माझ्या शेजारी बसली,
गाव पुसलं मी तिचं, मावशी निघाली."

मग ती थांबली, आणि बाईमाणसं ज्या मोकळ्या गळ्यानं विहिरीवर बोलतात त्या गळ्यानं तिनं विचारलं, "कोण्या गावची गं तू?"

मागच्या किल्ल्या थांबल्या.

उमाच्या हातातला घाटा निसटला. हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. बोलणं सुरू करायचं एवढाच विचार तिनं केला होता. आता ही बाई विचारणार. गाव कोणतं, कोणाची, घर कुठं, उतरायचं कुठं. आणि जे आपण इतके दिवस पुस्तकाआड दडवलं, ते सगळं त्या दोन हातांच्या ओंजळीत आपणच टाकणार.

"पांगरखेडा," ती म्हणाली. तिच्या वर्गातली एक मुलगी त्या गावाहून यायची. जिभेवर आलं ते नाव तिनं पुढं केलं.

सारजाबाईचा चेहरा दिवा लावल्यासारखा झाला. "पांगरखेडा? आगं, माझं माहेर हाय ते! कोणाची तू?"

उमाला वाटलं, बसच्या पत्र्याला भोक पडावं आणि आपण खाली सडकेवर सांडावं. "जोश्यांची."

"जोशी?" सारजाबाईच्या कपाळावरचं गोंदण आक्रसलं. "पांगरखेड्यात जोशी कवापासून आले? घरं तोंडपाठ हायेत मला. माळ्याचं, सुताराचं, पाटलाच्या भावकीची तीन..."

तेवढ्यात मागून आवाज आला. इतक्या दिवसांत उमा पहिल्यांदाच तो आवाज ऐकत होती. मऊ होता, आणि म्हणूनच तिच्या मानेवर काटा आला.

"खोटं सांगतात मॅडम. गारखेड्याला उतरतात रोज. पुढं पुंडलिकनगरच्या बाजूला जातात. फक्त घर कोणतं, तेवढं बघायचं राहिलंय."

तो हे हसून म्हणाला, घरातल्यासारखं. ऐकणाऱ्याला वाटावं, ओळखीचाच कोणी थट्टा करतोय.

बाहेर अंधारलं होतं. बसमधला पिवळा दिवा लागला होता, आणि खिडकीच्या काचेत उमाच्या चेहऱ्याशेजारी त्याचा चेहरा तरंगत होता. तिची बोटं नकळत सारजाबाईच्या पदराच्या टोकाशी गेली आणि तिथं घट्ट मिटली. लहान मूल जत्रेत धरतं तशी.

सारजाबाईनं आधी पदराकडं पाहिलं. मग काचेकडं पाहिलं. मग एक घाटा उचलून सावकाश फोडला, दाणा तोंडात टाकला, टरफल खाली टाकलं. बसचं इंजिन तेवढं घुरघुरत होतं. त्या घडीला उमाला वाटलं, ही आता 'मला काय करायचं' म्हणून तोंड फिरवणार. तिनं तसं केलं असतं तर त्यात तिचा दोषही नव्हता. ती उमाची होती कोण?

"थांब," सारजाबाई म्हणाली. "जोशी म्हण नाय तर कुलकर्णी म्हण, बामनाचं एकच घर व्हतं आमच्यात. लक्ष्मीबाईचं. रझाकाराच्या भ्यावानं ते घर गाव सोडून गेलं. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, गावानं दिवे लावले, पर लक्ष्मीबाईच्या दाराचं कुलूप काय निघालं नाय." तिनं उमाची हनुवटी उचलून चेहरा दिव्याकडं केला. "आगं बाई. तू लक्ष्मीबाईची नात. नाक बघ की, त्येच. मंग सांगायचं तसं. आजीचं नाव सांगायला लाजती का?"

उमा बघत राहिली. तिची आजी पैठणचीही नव्हती, पांगरखेड्याची तर नाहीच.

"हो," ती म्हणाली. "लक्ष्मीबाईंची."

"ह्या पोरीच्या आजीनं मला ल्हानपणी गूळ-खोबरं चारलंय," सारजाबाईनं पलीकडच्या बाकाला सांगितलं. तिथं पांढऱ्या फेट्याचे एक म्हातारबा बसले होते. त्यांनी मान डोलावली. "गावची लेक भेटली म्हंजी काय लहान गोष्ट हाय का, कारभारी मामा?"

"नशीब लागतं," कारभारी म्हणाले.

मग सारजाबाई कंबरेतून वळली. हातात हरभऱ्याची डहाळी होती. ती तिनं मागच्या माणसापुढं धरली. "घ्या पाव्हणं. वलं हाय, आजचंच उपटलं."

पुढं केलेलं खाणं नाकारता येत नाही. त्यानं किल्ल्या डाव्या हातात घेतल्या, डहाळी घेतली आणि एक दाणा सोलून तोंडात टाकला.

"तुमी कोण्या गावचे?"

"इथलाच."

"इथला म्हंजी? ह्या बशीतला?"

आजूबाजूचे हसले. कंडक्टर मागून पुढं येत होता, तो म्हणाला, "तसंच हाये ते. रोज स्टेशनचं तिकीट काढत्यात, आन् रोज शेवटच्या गाडीनं परत. मला वाटलं, औरंगाबादेला कामाला आसतील."

"सांच्याला जाऊन कोणतं काम गं बाई?" सारजाबाईनं सगळ्या बसला विचारलं. "आन् आमची पोरगी कुठं उतरती, कुण्या बाजूला जाती, ह्ये तुमाला कसं ठाव? शेजारी हायेत का तुमी?"

नको, उमाला वाटलं, आता पुरे, त्याला चिडवू नका, तुम्ही लेकीकडं जाल आणि मी उद्या पुन्हा त्याच फलाटावर उभी असेन. तिनं सारजाबाईचा पदर ओढला. सारजाबाईनं तिच्या हातावर हात ठेवला. तो हात खरबरीत होता, आणि ऊबदार.

"शेजारी नाही," तो म्हणाला. "सहज दिसल्या."

"सहज. बरं. नाव काय तुमचं?"

"काय करायचंय नाव?"

"आता माझं खाल्लं की तुमी. खाणाऱ्याचं नाव नगं ठाव?"

कारभारी पुढं झुकून त्याच्याकडं पाहू लागले. म्हातारी नजर, पण माणूस वाचायला सरावलेली. "नाव सांगू नको म्हणलं तरी तोंड सांगतंय. ढोरकीनच्या पुंजारामाचा जावई ना रं तू? रामकिसन. तुझ्या लग्नात मी पंगतीला व्हतो. तू मांडवात रुसला व्हता, घड्याळासाठी."

पुन्हा हसू उसळलं. त्याचा हात स्वेटरच्या बाहीवर गेला, मनगट झाकल्यासारखा.

"पुंजारामाचा?" सारजाबाई उभीच राहिली. बसनं हेलकावा दिला, तिनं दांडी धरली. "पुंजारामाची आशाबाई? आरं बाबा, आशाबाईची माय माझी चुलतबहीण. म्हंजी मी कोण झाले तुझी?"

"मावससासू," कारभारी म्हणाले.

"मावससासू. आन् ही?" तिनं उमाच्या खांद्यावर हात ठेवला. "माझ्या माहेरची लेक ती माझी बहीण. माझी बहीण ती आशाबाईची मावशी. म्हंजी ही बी तुझी सासूच की रं."

आता तर ड्रायव्हरही आरशात बघून हसला. एक बाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "एवढुशी सासू!"

"आसू दे एवढुशी. मान मोठा आसतो," कारभारी म्हणाले. "पाया पड रं जावयबापू. कवापसून मागं बसला, आन् ओळख दिली नाय."

उमानं पाय बाकाखाली ओढून घेतले. तो उठला. चालत्या बसमध्ये, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, तो सारजाबाईच्या पायांशी वाकला. मग उमाकडं वळला, दोन्ही हात जोडले. जोडलेल्या हातांत किल्ल्या होत्या. त्या किंचित किणकिणल्या. त्याचे कान तांबडे झाले होते. डोळे मात्र खालून वर आले, तेव्हा त्यांत लाज होती की राग, ते उमाला कळलं नाही.

"आशाबाई कुठं हाय आता?" सारजाबाईनं विचारलं. तिचा आवाज खाली आला होता.

"माहेरी."

"काहून?"

"बाळंतपणाला."

"दिवस भरले?"

"भरत आलेत."

बसमधलं हसू विझलं. ढोरकीन आत्ताच मागं गेलं होतं, आणि तो तिथं उतरला नव्हता, हे कोणाला बोलून दाखवावं लागलं नाही. बाया त्याच्याकडं बघत होत्या. हातातल्या डहाळीचं काय करावं ते त्याला सुचत नव्हतं.

बिडकीन आलं तेव्हा तो उठला. "तुमचं स्टेशनचं तिकीट हाय," कंडक्टर म्हणाला. "काम आठवलं," तो म्हणाला.

"आशाबाईला सांग," सारजाबाईनं खिडकीतून हाक दिली, "मावश्या भेटल्या व्हत्या म्हणावं. दोघी बी."

बस सुटली. तो रस्त्याच्या कडेला उभा होता. त्याची डहाळी खाली पडली होती.

*

भीती अशी एका स्टॉपवर उतरून जात नाही. ती बसून राहिली, उमाच्या शेजारी, तिकीट न काढता. मागून दुसऱ्या गाडीचे दिवे दिसले की तिला वाटायचं, त्यात तो आहे. स्टेशनवर उतरताना तिनं सारजाबाईची पेंढी डोक्यावर घेतली, निमित्त हवं म्हणून. सिटी बसमध्ये दोघी चिकटून बसल्या. गारखेड्याला उतरल्यावर तिनं चहूकडं पाहिलं. हातगाडीवाला, एक सायकल, एक कुत्रं. तपकिरी स्वेटर नव्हता.

"लेकीचं घर इकडं हाय, पर चल, तुला सोडते," सारजाबाई म्हणाली.

कच्च्या रस्त्यावर बाभळींची सावली अंधारापेक्षा काळी होती. दिवा नसलेला खांब आला आणि गेला.

"मी तुमच्याशी खोटं बोलले," उमा म्हणाली. "मी पांगरखेड्याची नाही. लक्ष्मीबाई कोण, तेही मला ठाऊक नाही."

"ते मला ठाव हाय."

"मग?"

सारजाबाई चालता चालताच सांगू लागली. "रझाकाराच्या येळला मी एवढी व्हते." तिनं कमरेजवळ हात धरला. "गाव रानात पळालं. मायचा हात सुटला माझा. ज्वारीच्या ताटांतून सडकंला निघाले, तर समोर बंदुकवाले. मी उभी, मुतले बघ तिथंच. सडकंनं एक बाई चालली व्हती. कोण, कुठली, अजून ठाव नाय. तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला, 'कुठं गेल्ती कारटे, कवाची हुडकते,' आसं म्हणून पदराखाली घेतलं, आन् त्यांच्यापुढून घेऊन गेली. गाव विचारायलासुद्धा सुचलं नाय मला. तवापसून भेटंल त्या बाईला गाव विचारते मी. एखादी निघंल ती."

कुठंतरी दूर रेडिओ लागला होता. उमाच्या घराची पायरी दिसू लागली, पायरीवर कंदिलाएवढा बल्ब.

"घरी सांगितलं का त्याचं?"

"नाही. शाळा सोडायला लावतील."

"उद्या मी नसणार तुझ्यासंगं," सारजाबाई म्हणाली. "लेकीकडं आठवडा राहीन. तुझं तू बघ. पर आसं पुस्तकात तोंड घालून बसू नको. गप माणूस एकलंच दिसतं." तिनं पेंढीतल्या मूठभर डहाळ्या काढून उमाच्या हातात दिल्या, आणि पेंढी आपल्या डोक्यावर घेऊन अंधारात परतली. बांगड्यांचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता.

श्रीधररावांनी डहाळ्या पाहिल्या. चष्मा काढला. "कोणी दिल्या?"

"बसमध्ये एका बाईंनी."

"ओळखीच्या?"

उमाच्या मनात कडीचा आवाज झाला. "हो," ती म्हणाली. "पांगरखेड्याच्या."

त्यांनी एक घाटा सोलून खाल्ला. मग दुसरा. "कोवळा आहे," ते म्हणाले, आणि वर्तमानपत्र पुन्हा उघडलं. उमा आत जाऊन अंधाऱ्या मोरीत बराच वेळ हात धूत राहिली. आंब काही जात नव्हती.

*

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती स्टँडवर आली, आणि दुरूनच तिनं तो आवाज ऐकला. छन्न.

तो टपरीपाशी होता. तोच स्वेटर. तिला पाहून त्यानं नजर वळवली नाही. उलट थोडं हसला, कालचं सगळं बसमध्येच राहिलं असल्यासारखं. आज सारजाबाई नव्हती, कारभारी नव्हते. फलाटावर नवी, परकी माणसं होती.

उमाचे पाय आपोआप खांबाकडं वळले. खांब ओळखीचा होता. त्याला पाठ टेकवली की झालं. पण पाठ टेकवून ती किती दिवस उभी राहणार होती? आणि मग एक दिवस घरी चष्मा निघणार, मऊ वाक्य येणार, पहिलीची पोरं दुसऱ्या कोणाला बाई म्हणणार.

ती खांबापाशी थांबली नाही. टपरीपर्यंतची वाट नदीतून चालल्यासारखी जड गेली. तो सरळ उभा राहिला. साखळी थांबली.

"काय जावईबापू," उमा म्हणाली. आवाज फाटका निघाला, पण मोठा निघाला. "आशाबाई कशी आहे?"

टपरीवाल्यानं मान वर केली. फलाटावरच्या रांगेतली माणसं वळली.

त्याच्या ओठांवरचं हसू तिथंच राहिलं, पण त्याच्या मागचा माणूस निघून गेल्यासारखं दिसलं. "बरी हाय," तो पुटपुटला.

"बाळंत झाली?"

"अजून नाही."

"मग तुम्ही इथं कसे? ढोरकीनची गाडी त्या फलाटाला लागते." तिनं बोट दाखवलं. आणि ते खाली घेतलं नाही.

रांगेतली एक बाई, काखेत लेकरू, डोक्यावर बोचकं, पुढं सरकली. "कोणती आशाबाई म्हणलीस गं?"

"ढोरकीनच्या पुंजारामांची."

"पुंजारामाची? आगं, आमच्या जावंच्या भावकीतली की ती! ह्यो तिचा नवरा व्हय? बघू बघू." आणि ती त्याच्याकडं अशी निरखून बघू लागली, जशी बाजारात भांडं वाजवून बघतात.

उमा तिच्याकडं वळली. शब्द आले, एकामागून एक, फार पूर्वीपासून येत असल्यासारखे.

"आणि मावशी, तुम्ही कोणत्या गावच्या?"

औरंगाबादची बस आली. ती बाई, लेकरू, बोचकं आणि उमा, सगळे एकाच बाकावर कसेबसे मावले. लेकरू उमाच्या मांडीवर आलं. बाई गावाचं नाव सांगून मोकळी झाली होती, आता सासरचं सांगत होती. उमा हं-हं म्हणत होती, विचारत होती, मान हलवत होती. पुस्तक पिशवीतच होतं.

तो बसमध्ये चढला की नाही, ते तिनं वळून पाहिलं नाही. पण बिडकीन येईपर्यंत तिचे कान मागंच होते. किल्ल्या वाजल्या नाहीत.